म्हाताऱ्या पेशी, बाबांची केमो आणि न्यू जर्सीहून आलेली बाटली

प्रश्न : माझ्या बाबांचं वय ५८. डिसेंबरात त्यांच्या मोठ्या आतड्याच्या सिग्मॉइड भागातली गाठ ऑपरेशन करून काढली. रिपोर्टात ‘पीटी३ एन१बी’ लिहिलंय, तपासलेल्या १९ लिम्फ नोडपैकी २ मध्ये कॅन्सर होता. नंतर कॅपॉक्सच्या (ऑक्झॅलिप्लॅटिनची सलाईन आणि कॅपेसिटाबिनच्या गोळ्या) चार सायकल झाल्या आणि डॉक्टरांनी ‘आता बस’ म्हणून केमो थांबवली. शेजारच्या काकांना मात्र याच आजारात सहा महिने केमो दिली होती. अशात माझ्या आतेभावाने न्यू जर्सीहून एक लेख पाठवला : आतड्याचा कॅन्सर पसरवण्यात म्हाताऱ्या पेशींचा हात असतो आणि केमोमुळेच अशा पेशी तयार होतात. पाठोपाठ क्वेर्सेटिन आणि फिसेटिन या वनस्पतींतल्या द्रव्यांच्या कॅप्सूलची बाटलीही आली. आई म्हणते, ‘मग केमो देऊन आपणच रोग वाढवला की काय?’ बाबांचे तळपाय अजून बधिर आहेत, दिवसभर पडून असतात. या पेशी किती आहेत ते तपासता येतं का? कॅप्सूल द्यायच्या का? मी ३४ वर्षांची, दादा ३७ चा. आम्हाला धोका किती?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, आईंना आधी एवढं सांगा, की केमो देऊन तुम्ही रोग वाढवलेला नाही. लेखातलं म्हणणं खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं कळेपर्यंत बाटलीचं सील तसंच राहू द्या.

लेख ज्यांना म्हाताऱ्या पेशी म्हणतो, त्यांचा बाबांच्या वयाशी थेट संबंध नाही. १९६१ मध्ये फिलाडेल्फियातल्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवून दिलं, की माणसाच्या साध्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवल्या तर ४० ते ६० वेळा दुभागतात आणि मग थांबतात. मरत नाहीत, नुसत्या थांबतात. दर विभाजनाला गुणसूत्रांची टोकं झिजत जातात, हे त्याचं एक कारण. पण डीएनएला जबर इजा झाली, रेडिएशन लागलं, केमोचं औषध पोचलं किंवा पेशीत कॅन्सरचं एखादं जनुक बिघडून सतत चालू राहिलं, तरीही पेशी याच अवस्थेत जाते, मग ती पंचविशीतल्या माणसाची का असेना. या अवस्थेला सेनेसन्स म्हणतात. पी१६ आणि पी२१ नावाची प्रथिनं पेशीला ब्रेक लावतात आणि तिचं दुभागणं बंद होतं. वयाचा संबंध येतो तो एवढाच, की अशा थांबलेल्या पेशी एरवी प्रतिकारशक्ती वेचून काढते आणि उतारवयात ही साफसफाई मंदावते. त्यामुळे त्या साठत जातात.

आतड्यात हा ब्रेक सुरुवातीला आपल्याच बाजूने काम करतो. आतल्या अस्तरावर पॉलिप उगवतो तेव्हा त्यातल्या पेशींत केरास किंवा बीराफ हे जनुक बिघडलेलं असू शकतं. त्या बिघाडानेच पेशी सेनेसन्समध्ये जाते आणि पॉलिप वर्षानुवर्षं आहे तेवढाच राहतो. बहुतेक लहान पॉलिपांचा कधीच कॅन्सर होत नाही, त्यामागे या ब्रेकचाही वाटा आहे. पॉलिपपासून कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. पी१६ चं जनुक बंद पडलं किंवा पेशीला आवरणारं पी५३ हे दुसरं जनुक तुटलं, की ब्रेक सुटतो आणि गाडी पुढे सरकते.

मग याच पेशी कॅन्सर पसरवायला मदत कशा करतात? सेवानिवृत्त झालेल्या माणसाने रोज चावडीवर येऊन बसावं, काम शून्य आणि गावभर कुचाळक्या, तसं या पेशीचं होतं. दुभागणं बंद असतं, पण ती आजूबाजूला रसायनं सोडत राहते. इंटरल्यूकिन ६ आणि ८ मुळे सूज टिकून राहते. मेटॅलोप्रोटिनेज नावाची एन्झाइम पेशींमधलं कोलॅजनचं जाळं कातरतात आणि शेजारच्या, अजून दुभागणाऱ्या कॅन्सरपेशींना वाट मोकळी होते. नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावणारे घटकही यात असतात. २००१ मध्ये जर्मन पॅथॉलॉजिस्टांनी आतड्याच्या गाठींचे काप तपासले, तेव्हा गाठीची जी कड पुढे घुसत होती तिथे पेशींचं दुभागणं उलट कमी होतं आणि पी१६ जास्त होतं. म्हणजे पुढच्या फळीवर थांबलेल्या पेशी दिसत होत्या. पुढे दक्षिण कोरियातल्या अजू विद्यापीठाच्या गटाने २०२१ मध्ये दाखवलं, की आतड्याच्या गाठीतल्या अशा पेशी सीएक्ससीएल१२ आणि सीएसएफ१ ही दोन द्रव्यं सोडतात. पहिल्यामुळे कॅन्सरपेशींना मारणाऱ्या टी पेशी गाठीत शिरू शकत नाहीत, दुसऱ्यामुळे मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्याच पेशी फितूर होतात. गाठीभोवती ढालच उभी राहते म्हणा ना. आतड्याचं रक्त पोर्टल व्हेनमधून आधी लिव्हरमध्ये जातं, म्हणून हा कॅन्सर पहिल्यांदा बहुधा तिथेच पसरतो. लिव्हरमध्ये पसरलेल्या गाठींतही अशा पेशी सापडल्या आहेत.

गाठीतल्या सगळ्याच थांबलेल्या पेशी कॅन्सरच्या नसतात, हेही लक्षात ठेवा. आधार देणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशीही थांबतात आणि त्याही हीच रसायनं सोडतात. या सगळ्या माहितीचा बराचसा आधार उंदीर, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी आणि ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठींचे काप हा आहे. ‘या पेशी काढून टाकल्या आणि रुग्णाचा कॅन्सर पसरायचा थांबला’ असं दाखवणारी चाचणी आतड्याच्या कॅन्सरमध्ये आज नाही.

आता केमोकडे वळू. ऑक्झॅलिप्लॅटिन आणि कॅपेसिटाबिन पेशीच्या डीएनएच्या कामात बिघाड करतात. बऱ्याच कॅन्सरपेशी त्याने मरतात, काही सेनेसन्समध्ये जातात. त्यातल्या काही पुढे ब्रेक सोडवून पुन्हा दुभागू शकतात. २०१८ मध्ये जर्मनीतल्या गटाने लिम्फोमाच्या पेशींवर हे दाखवलं आणि अशा सुटलेल्या पेशी आधीपेक्षा चिवट असल्याचंही त्यांना आढळलं. आतेभावाचा लेख इथे थांबतो. प्रश्न असा विचारायला हवा, की मेलेल्या, थांबलेल्या आणि सुटलेल्या अशा सगळ्या पेशींचा हिशेब जमेस धरून रुग्णाचा फायदा होतो की तोटा? त्याचं उत्तर भांड्यातल्या पेशींकडून नाही, रुग्णांकडून मिळतं आणि ते जुनं आहे. अमेरिकेतल्या १९९० च्या चाचणीत स्टेज तीनच्या, म्हणजे बाबांसारख्या लिम्फ नोडपर्यंत रोग पोचलेल्या रुग्णांना ऑपरेशननंतर फाइव्ह-एफयू असलेली केमो दिली, तर रोग उलटण्याचा धोका नुसत्या ऑपरेशनच्या तुलनेत ४१ टक्क्यांनी घटला. बाबांच्या गोळीतलं कॅपेसिटाबिन शरीरात जाऊन फाइव्ह-एफयूच बनतं. केमो घेतली नसती तर म्हाताऱ्या पेशी कदाचित कमी झाल्या असत्या, पण जिवंत, दुभागणाऱ्या कॅन्सरपेशी जास्त उरल्या असत्या.

चार सायकल म्हणजे तीनच महिने का दिली, याचं उत्तर रिपोर्टातल्या त्या दोन अक्षरांत आहे. टी३ म्हणजे गाठ आतड्याच्या स्नायूच्या थराबाहेर आली, पण बाहेरच्या पातळ आवरणातून फुटली नाही. एन१बी म्हणजे दोन किंवा तीन लिम्फ नोडमध्ये रोग. टी१ ते टी३ आणि एन१, हा स्टेज तीनमधला कमी धोक्याचा गट. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयडिया’ या सहा चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात १२,८०० हून जास्त रुग्ण होते. त्यात या गटाला कॅपॉक्स तीन महिने दिली काय किंवा सहा महिने, तीन वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण जवळपास सारखं होतं. फरक पडला तो हातापायांच्या बधिरपणात. दैनंदिन कामात अडथळा येईल एवढा त्रास तीन महिन्यांत साधारण सातांत एकाला झाला, सहा महिन्यांत दहांत चार-पाच जणांना. शेजारच्या काकांची गाठ टी४ असेल किंवा चार-पाच नोड लागले असतील तर त्यांना सहा महिने देणंही बरोबरच. दोन फाईली शेजारी ठेवून तुलना करू नका. बाबांच्या रिपोर्टात १९ नोड तपासलेले आहेत हीही चांगली गोष्ट. किमान १२ तपासायलाच हवेत, नाहीतर स्टेजवर भरवसा ठेवता येत नाही.

पेशी मोजायची तपासणी नाही. प्रयोगशाळेत बीटा-गॅलॅक्टोसिडेज या एन्झाइमचा निळा रंग पाहून या पेशी ओळखतात, पण त्याला ताजी किंवा गोठवलेली ऊती लागते. बाबांची गाठ फॉर्मॅलिनमध्ये घालून मेणाच्या ब्लॉकमध्ये ठेवलेली आहे. त्या प्रक्रियेत ते एन्झाइम निकामी होतं. नुसत्या पी१६ वरूनही ठरवता येत नाही, कारण इतर कारणांनीही ते वाढतं. म्हणून संशोधक तीन-चार खुणा एकत्र बघतात. रक्तावरून ‘जैविक वय’ सांगणारी पॅकेजं ऑनलाइन विकली जातात, त्यांचा बाबांच्या उपचारात काडीचा उपयोग नाही.

त्याऐवजी त्याच मेणाच्या ब्लॉकवर करण्यासारखी एक खरी तपासणी आहे. ती झाली नसेल तर या आठवड्यात विचारा. तिचं नाव एमएमआर. एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ ही डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी चार प्रथिनं गाठीत आहेत की नाहीत ते ती दाखवते. रिपोर्टात चारही नावांपुढे ‘इंटॅक्ट’ किंवा ‘लॉस’ असं लिहिलेलं असतं. पॅथॉलॉजीवाले ब्लॉक वर्षानुवर्षं जपून ठेवतात, नवी बायोप्सी लागत नाही. एखादं प्रथिन नसेल तर हा आजार घराण्यात चालत आलेला असू शकतो, आणि पुढे रोग उलटलाच तर इम्युनोथेरपीचा, म्हणजे प्रतिकारशक्तीलाच कामाला लावणाऱ्या उपचाराचा मार्ग खुला होतो. तुमच्या आणि दादाच्या धोक्याचं उत्तरही इथूनच सुरू होतं, त्याबद्दल शेवटी लिहितो.

बाटली. थांबलेल्या पेशी मारणाऱ्या औषधांना सेनोलिटिक म्हणतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या गटाने २०१५ मध्ये डॅसाटिनिब आणि क्वेर्सेटिन ही जोडी पुढे आणली. माणसांवर पहिली चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत फुफ्फुस आकसण्याच्या आजाराचे १४ रुग्ण होते. त्यांना डॅसाटिनिब १०० आणि क्वेर्सेटिन १२५० मिलिग्रॅम आठवड्यातून तीन दिवस, असं तीन आठवडे दिलं. म्हणजे क्वेर्सेटिन एकटं दिलंच नव्हतं. डॅसाटिनिब हे रक्ताच्या एका कॅन्सरचं, सीएमएलचं औषध आहे. त्याने प्लेटलेट कमी होतात, रक्तस्राव होतो, छातीत पाणी साठतं. नुकतंच आतडं जोडलेल्या माणसाने ते स्वतःच्या मनाने घेणं म्हणजे संकटाला आमंत्रण. आतेभावाचा पुढचा मेसेज ‘हेही मागव’ असा आला तर ठाम नाही म्हणा.

नुसत्या क्वेर्सेटिनचं काय? १०० ग्रॅम कच्च्या कांद्यात ते साधारण २० ते ४० मिलिग्रॅम असतं. चाचणीतला डोस कांद्यातून घ्यायचा तर रोज तीन ते सहा किलो कांदा लागेल आणि त्यातलंही थोडंच रक्तात पोचेल. जेवणातला कांदा खुशाल खाऊ द्या. पण कॅप्सूलमधला मोठा डोस लिव्हरमधल्या औषध पचवणाऱ्या एन्झाइमांशी खेळू शकतो. बाबा रक्त पातळ करणारी, बीपीची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी घेत असतील तर हा मुद्दा कागदावरचा राहत नाही.

आणखी एक कारण आहे आणि ते आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. थांबलेल्या सगळ्या पेशी वाईट नसतात. जखम भरताना त्या थोडा काळ येतात आणि घाव लवकर भरायला मदत करतात. २०२० मध्ये उंदरांवर केलेल्या एका प्रयोगात पी१६ जास्त असलेल्या पेशी सरसकट काढून टाकल्या, तेव्हा लिव्हरच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर उखडलं आणि लिव्हर निबर होऊ लागलं. आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णाचं लिव्हर हे आधीच नजरेखाली ठेवायचं इंद्रिय. त्यावर असा प्रयोग घरी करायचा नसतो.

हाच नियम हळदीच्या अर्काच्या गोळ्या, गुळवेलीचा काढा आणि ‘लिव्हर डिटॉक्स’ यांनाही लावा. काळी मिरी घातलेल्या कर्क्युमिनच्या गोळ्यांनी लिव्हरला सूज आल्याच्या नोंदी आहेत. कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांमध्येही तसंच नोंदवलं. वरणातली हळद वेगळी आणि अर्क वेगळा. लिव्हरला सूज आली की सीईए (रोग उलटतोय का ते पाहायला रक्तात मोजतात ते प्रथिन) वाढू शकतो आणि मग रोग उलटला की काय या भीतीने सगळं घर स्कॅनच्या रांगेत उभं राहतं.

मग करायचं काय? आज आमच्या मते बाबांसाठी सर्वात दमदार ‘औषध’ चालणं आहे, आणि हे आम्ही गोड बोलायचं म्हणून म्हणत नाही. २०२५ च्या जूनमध्ये ‘चॅलेंज’ नावाच्या चाचणीचे निकाल आले. मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या या चाचणीत ८८९ रुग्ण होते. सगळे स्टेज तीनचे किंवा धोका जास्त असलेल्या स्टेज दोनचे, सगळ्यांची केमो संपलेली. अर्ध्यांना आरोग्याची पुस्तिका दिली, अर्ध्यांना तीन वर्षं प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम. पाच वर्षांनी रोगमुक्त होते व्यायामाच्या गटातले ८०.३ टक्के, पुस्तिकेच्या गटातले ७३.९ टक्के. आठ वर्षांनी जिवंत होते ९०.३ आणि ८३.२ टक्के. एखाद्या नव्या गोळीने हे केलं असतं तर तिची किंमत लाखात गेली असती.

त्यांचा डोस होता आधीच्या हालचालीपेक्षा आठवड्याला १० मेट-तास जास्त. मेट हे हालचालीच्या जोराचं माप. स्वस्थ बसणं १, झपझप चालणं साधारण ४. म्हणजे आठवड्याला एकूण अडीच तास झपझप चालणं वाढवलं की हिशेब पुरा होतो : ४० मिनिटं, आठवड्यातून चार दिवस. झपझप म्हणजे मिनिटाला किमान १०० पावलं. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत दम लागला पाहिजे. चाचणीतल्या लोकांनी हा डोस पहिल्या सहा महिन्यांत हळूहळू गाठला. बाबा दिवसभर पडून असतात, तेव्हा पहिल्या आठवड्यात सकाळी दहा आणि संध्याकाळी दहा मिनिटं सपाट रस्त्यावर चालू द्या, मग दर आठवड्याला प्रत्येक फेरीत पाच मिनिटं वाढवा. घाई केली की गुडघा किंवा पोटरी धरते. चाचणीतही व्यायाम करणाऱ्यांमध्ये स्नायू-सांध्यांच्या तक्रारी जास्त होत्या. टाके भरले आहेत का आणि पोटाच्या व्रणाशी उभं राहिल्यावर फुगवटा येतो का, ते सर्जनना एकदा दाखवून घ्या. फुगवटा असेल तर चालायला हरकत नसते, पण वजन उचलणं आणि पोटाचे व्यायाम थांबवावे लागतात.

चालण्याने थांबलेल्या पेशी कमी होतात म्हणून हे घडतं का? तसं सिद्ध झालेलं नाही. इन्शुलिन आणि सूज कमी होते, प्रतिकारशक्तीच्या पेशी जास्त फिरत्या राहतात, अशी कारणं मांडली जातात. थकव्याच्या बाबतीत मात्र एक धागा जुळतो. उंदरांमध्ये डॉक्सोरुबिसिन या केमोने तयार झालेल्या थांबलेल्या पेशी काढल्या तेव्हा उंदीर पुन्हा हिंडूफिरू लागले. बाबांचा थकवा म्हणजे आळस नव्हे, एवढं तरी यातून घरच्यांनी घ्यावं. आणि पडून राहून तो जात नाही.

बधिर तळपायांनी चालायचं तर चप्पल नको. मऊ तळव्याचे, टाच बंद असलेले बूट आणि सुती मोजे घाला. रात्री दिव्याखाली दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा. बधिर पायाला लागलेला खडा किंवा फोड कळत नाही. ऑक्झॅलिप्लॅटिनचा बधिरपणा औषध थांबल्यावरही दोन-तीन महिने वाढू शकतो आणि मग हळूहळू ओसरतो. तेव्हा आत्ता वाढलाय म्हणून धास्तावू नका. बी१२ एकदा तपासा, विशेषतः बाबा शाकाहारी असतील किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असतील तर. आग किंवा कळा असतील तर ड्युलॉक्सेटिनचा उपयोग होऊ शकतो, डॉक्टरांना विचारा. नुसत्या बधिरपणावर ते फारसं चालत नाही.

जेवणाबद्दल थोडक्यात. उपासाने म्हाताऱ्या पेशी मरतात असंही फिरतंय, बाबांना ते नको. केमोनंतर आधी स्नायू भरून यायला हवेत. किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं धरा, ६० किलोच्या माणसाला ६० ते ७० ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. हिशेब केलात तर कळेल, की नुसत्या भाजी-भाकरीवर तो आकडा गाठत नाही. मिश्री, विडी किंवा तंबाखू असेल तर ती बंद. धुराने सीईएही वाढतो.

ॲस्पिरिनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण आतेभाव विचारेलच. २०२५ मध्ये स्वीडन आणि शेजारच्या देशांतल्या ‘अलास्का’ चाचणीत रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन तीन वर्षं दिलं. गाठीत पीआयके३सीए किंवा त्याच मार्गातल्या जनुकांचा बिघाड असलेल्यांमध्ये रोग उलटण्याचं प्रमाण जवळपास निम्मं झालं. असा बिघाड साधारण तिघांत एकाच्या गाठीत असतो. म्हणजे आधी गाठीची जनुक-तपासणी, मग अल्सर आणि रक्तस्रावाचा इतिहास, आणि मग डॉक्टरांचा निर्णय. आपल्याकडे ७५ आणि १५० च्या गोळ्या सर्रास मिळतात म्हणून आपणच सुरू करायची नाही.

फेरतपासणीत मात्र हयगय नको. उलटणारा रोग बहुतेक वेळा पहिल्या तीन वर्षांत उलटतो, आणि लिव्हरमध्ये एक-दोन गाठी असतानाच सापडला तर त्या कापून काढून माणूस पूर्ण बरा होण्याची शक्यता उरते. सीईए पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, नंतर पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत दर सहा महिन्यांनी. दरवेळी एकाच लॅबमध्ये करा. लॅब बदलली की पद्धत बदलते आणि २.८ चा ४.१ झाला म्हणून उगाच झोप उडते. एकदा वाढला तर काही आठवड्यांनी पुन्हा करा. सलग चढत गेला तर स्कॅन. छाती, पोट आणि ओटीपोटाचा सीटी दर सहा ते बारा महिन्यांनी, पाच वर्षं. सगळं व्यवस्थित असताना ‘एकदा पेट स्कॅनही करून घेऊ’ म्हणून खर्च करू नका, नेहमीच्या फेरतपासणीत त्याची शिफारस नाही.

कोलोनोस्कोपी ऑपरेशननंतर एका वर्षाने, मग तीन वर्षांनी, मग दर पाच वर्षांनी. पण त्याआधी ऑपरेशनपूर्वीच्या कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट काढून बघा. गाठीने वाट अडवल्यामुळे दुर्बीण पुढे गेली नसेल तर उजवीकडचं आतडं अजून कुणी पाहिलेलंच नाही. मग वर्षभर थांबायचं नाही, ऑपरेशननंतर तीन ते सहा महिन्यांत करायची. तुमच्या तारखा पाहता तो काळ आत्ताच चालू असणार. विष्ठेतून पुन्हा रक्त, कारण नसताना वजनात घट, डोळ्यांत पिवळेपणा, उजव्या बरगडीखाली सतत दुखणं, तीन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, यांपैकी काहीही झालं तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका.

आता तुम्ही आणि दादा. बाबांना साठीच्या आत हा आजार झाला, म्हणून तुम्हा दोघांची पहिली कोलोनोस्कोपी चाळिशीला, नंतर दर पाच वर्षांनी. दादाला तीन वर्षं आहेत, तुम्हाला सहा. बाबांचे सख्खे भाऊ-बहीण चाळिशी ओलांडलेले असतील तर त्यांनी याच वर्षी करून घ्यावी. आतेभावाच्या आईलाही हे कळवा, कॅप्सूलपेक्षा त्या घराला याची गरज जास्त आहे. एमएमआरच्या रिपोर्टात ‘लॉस’ आलं तर मात्र हे वेळापत्रक बाद. जनुक-सल्लागाराकडे जाऊन बाबांची रक्ततपासणी करायची. त्यांच्यात लिंच सिंड्रोम (या प्रथिनांच्या जनुकातला, घराण्यात चालत येणारा बिघाड) निघाला, तर तुम्हा दोघांची त्याच जनुकासाठी तपासणी होईल आणि ज्याच्यात बिघाड सापडेल त्याची कोलोनोस्कोपी लगेच आणि मग दर एक-दोन वर्षांनी. यादरम्यान कुणालाही विष्ठेतून रक्त गेलं तर एसटी स्टँडसमोरच्या ‘मूळव्याध-भगंदर गॅरंटीने बरे’ पाटीखाली जाऊ नका. मूळव्याध असतानाही वर आतड्यात गाठ असू शकते.

कोलोनोस्कोपी फसते ती बहुतेक वेळा आदल्या दिवशीच्या तयारीत. आतडं नीट साफ झालं नसेल तर सपाट पॉलिप विष्ठेच्या थराखाली दडतात आणि रिपोर्ट खोटा ‘नॉर्मल’ येतो. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवा, त्यांनी विष्ठा काळी आणि चिकट होते. तीन दिवस आधीपासून पेरू, टोमॅटो, वांगं, तीळ, गवार, पालेभाजी बंद. मऊ भात, मुगाचं पातळ वरण, ताक चालेल. आदल्या दिवशी फक्त पाणी, शहाळं, गाळलेलं सूप, बिनदुधाचा चहा. आतडं साफ करणारं पीईजीचं द्रावण एका दमात संपवायचं नाही. अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या चार ते सहा तास आधी, मग त्यासाठी पहाटे उठावं लागलं तरी बेहत्तर. शेवटी शौचाला पिवळसर, आरपार दिसेल असं पाणी आलं पाहिजे. गढूळ येत असेल तर टेबलावर चढण्याआधीच सिस्टरना सांगा. रिपोर्ट हातात आल्यावर त्यात दोन ओळी शोधा : दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत पोचली का आणि आतड्याची सफाई कशी होती. यातली एक जरी नसेल तर तिथल्या तिथे लिहून मागा.